रणांगण जपायचं म्हणजे नेमकं काय जपायचं?

मुलूखभटक्या (धागाकर्ता)

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

नुकताच वॉटर्लूला जाऊन आलो. जायच्या आधी नकाशे अक्षरशः घोकले होते, वेलिंग्टनची फळी कुठे, नेपोलियनच्या तोफा कुठे, प्रशियन कुठून आले, सगळं. आणि मला बघायचा होता तो फक्त एक उतार. त्या उताराच्या पाठीमागे वेलिंग्टनने आपलं पायदळ आडवं पाडून ठेवलेलं, म्हणजे फ्रेंच तोफांना समोर नुसती टेकडीची कड दिसणार, माणसं नाहीत. १८ जून १८१५ चा अर्धा निकाल त्या उतारात आहे असं माझं मत.

तर तिथे पोचल्यावर पहिलं काय दिसतं, तर मातीचा एक भलामोठा शंकू, ४० मीटरच्या आसपास उंच, आणि वर लोखंडी सिंह. २२६ पायऱ्या. चढलो, धापा टाकल्या, फोटो काढले, उतरलो. मग तो उतार शोधायला लागलो तर मेळच बसेना, नकाशात आहे तेवढी उंची जमिनीत नाहीच. शेवटी गाईडला विचारलं तर तो शांतपणे म्हणाला, तुम्ही आत्ता त्याच्यावरच चढून आलात. १८२० ते १८२६ मध्ये हा ढीग रचला तेव्हा माती आणली कुठून, तर तिथलीच, त्या कडेचीच, खरवडून. म्हणजे लढाईची आठवण राहावी म्हणून लढाई ज्या उताराने जिंकली तोच उपसून त्याचं स्मारक केलं!

तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे. किल्ल्याला तट असतो, बुरूज असतो, पडला तर पडलेला दिसतो. रणांगण म्हणजे शेवटी शेतच ना. त्यात जपायचं काय आणि कसं? जाणकारांनी लिहा.

उगीचच

पहिला नंबर. वाचतोय.

(शेताचं स्मारक करायला शेतातलीच माती... हे सगळीकडे असंच असतं राव.)

जुनाट

चांगला विषय काढलात. माझ्या मते उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे, जमिनीचा चढउतार हाच इथला मूळ कागद. बाकी पुतळे, कमानी, झेंडे हे सगळं समासात लिहिलेलं.

असईचं उदाहरण घ्या. २३ सप्टेंबर १८०३, समोर शिंदे-भोसल्यांची फौज, मध्ये कैलना नदी, आणि वेलस्लीला (हाच पुढचा वेलिंग्टन बरं का) वाटाडे सांगतायत की इकडे कुठेही उतार नाही. त्याने बघितलं की पिंपळगाव आणि वारूर ही दोन गावं नदीच्या दोन काठांना अगदी समोरासमोर आहेत, आणि एवढ्या जवळच्या गावांत येणंजाणं नाही असं होणारच नाही, म्हणजे पाण्यातून वाट असणारच. होती. तिथून फौज पार नेली आणि लढाई झाली. आता विचार करा, तिथे उद्या नदीचं पात्र सरळ केलं, बंधारा घातला, भराव टाकला आणि वर छान ग्रॅनाइटचा स्तंभ उभारला, तर स्तंभावरचा मजकूर शंभर टक्के खरा असेल पण लढाई मात्र कळणार नाही. दोन गावं, मधली नदी आणि काठाचा उतार एवढं दिसलं की शाळकरी पोराला पण कळतं.

अमेरिकेत रणांगणाचा सर्व्हे करताना सैनिकी नजरेने पाच गोष्टी नोंदवतात. मोक्याची उंच जागा कोणती, कुठून काय दिसतं, आडोसा कुठे, अडथळा कुठे आणि येण्याजाण्याच्या वाटा कोणत्या. या पाचांतलं किती शिल्लक आहे त्यावर ठरतं की रणांगण जिवंत आहे का नुसतं नावाला आहे. बघा, यात स्मारक कुठेच येत नाही.

खापरशोधक

जुनाट काकांना +१, पण अर्धाच. जमिनीच्या वर जेवढं आहे तेवढंच खाली पण आहे आणि लोकांना ते माहीतच नसतं. (मी या विषयात शिकतेय, तज्ञ वगैरे नाही, आधीच सांगते.)

लिटल बिगहॉर्नची गोष्ट सांगते. अमेरिका, जून १८७६, तिथल्या सैन्यातल्या कस्टरची तुकडी लाकोटा, शायेन, अरापाहो या मूळ रहिवासी जमातींच्या योद्ध्यांकडून साफ झाली. त्याच्या तुकडीतला सांगायला कोणी उरला नाही आणि जे योद्धे जिंकले त्यांनी सांगितलेलं गोऱ्यांनी शंभर वर्षं फारसं मनावर घेतलं नाही. मग ऑगस्ट १९८३ मध्ये तिथे वणवा लागला आणि सगळं गवत जळून जमीन उघडी पडली. डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स यांनी पुढच्या दोन वर्षांत ती पिंजून काढली. पद्धत एकदम साधी, हौशी डिटेक्टरवाले ठरावीक अंतर ठेवून एका ओळीत चालणार, आवाज आला की तिथे छोटं निशाण रोवायचं, उचलायचं नाही. मागून दुसरी टीम येऊन ती जागा मोजणार, वस्तू कुठल्या दिशेला कललीय ते लिहिणार, मग काढणार.

आणि मग खरी गंमत. बंदुकीचा घोडा पडला की पिन काडतुसाच्या बुडावर ठसा उठवते आणि प्रत्येक बंदुकीचा ठसा वेगळा. म्हणजे एकाच बंदुकीची काडतुसं इथे दोन, मग पन्नास पावलांवर तीन, मग टेकडीपलीकडे एक, अशी सापडली की तो माणूस कसा सरकत गेला ते नकाशावर रेघ मारून दाखवता येतं. नाव माहीत नाही, चेहरा माहीत नाही, पण तो कुठून कुठे गेला ते कळतं. योद्ध्यांकडे हेन्री आणि विंचेस्टरसारख्या पटापट उडणाऱ्या बंदुका बऱ्याच होत्या हे पण जमिनीनेच सांगितलं, आणि त्यांच्या घरात जे तोंडी चालत आलं होतं त्यातलं बरंच जुळलं.

हे सगळं कशामुळे जमलं, तर काडतुसं जिथे पडली तिथेच होती म्हणून. तेच काडतूस कोणी उचलून शोकेसमध्ये ठेवलं की उरतं नुसतं पितळ.

वाचनमात्र

पहिल्यांदाच प्रतिसाद देतोय. ताई, हे काडतुसांचं भारी आहे. पण जिथे बंदुकाच नव्हत्या तिथे काय करतात?

खापरशोधक

@वाचनमात्र तिथे अवघड होतं. लोखंडी बाण गंजून मातीत मिसळतात. पण चिवट वस्तू राहतात, शिशाच्या गोफणगोळ्या, नाणी, बकला, नालांचे खिळे. जर्मनीत टोलेन्स नदीच्या काठाला १९९६ मध्ये दंडाचं हाड सापडलं, त्यात गारगोटीचं बाणाचं टोक रुतलेलं, त्यावरून कळलं की साधारण ३२०० वर्षांपूर्वी तिथे मोठी मारामारी झालीय. ग्रंथात नाही, गाण्यात नाही, कुठेच नाही. पाणथळ जागा होती म्हणून हाडं टिकली. तीच जमीन कोणी चर खणून सुकवली असती तर ही लढाई झालीच नव्हती असं आपण म्हणत बसलो असतो.

बांधावरचा

सगळं वाचलं. छान आहे. आता ज्याची जमीन आहे त्याच्याबद्दल कोणीतरी बोला.

मी शेतकरी आहे म्हणून टोचतंय. तीनशे वर्षांपूर्वी दोन राजांना भांडायला आमच्याच बांधावर जागा मिळाली, आमचं उभं पीक तुडवलं, त्याची भरपाई कोणी दिली नाही. आणि आता तुम्ही येऊन म्हणणार की इथे विहीर खणू नको, शेड घालू नको, खोल नांगरू नको, कारण तुम्हाला बंदूकवाल्याची चालण्याची रेघ काढायचीय. जमीन माझी आणि आठवण तुमची, हा कुठला हिशोब?

रोखठोक

बांधावरच्यांना अनुमोदन. जगात लढाई झाली नाही अशी सपाट जागा दाखवा. सगळ्या जपायच्या तर रस्ते, घरं, कारखाने हवेत बांधायचे का? जिवंत माणसांना जागा नाही आणि आपण मेलेल्यांसाठी एकरच्या एकर अडवून ठेवणार. एक पाटी लावा, एक क्यूआर कोड लावा, मोबाईलवर थ्रीडीमध्ये अख्खी लढाई दाखवा, विषय संपला.

जुनाट

@बांधावरचा तुमचा राग रास्त आहे, आणि गंमत म्हणजे शेतकरी हाच रणांगणाचा सगळ्यात चांगला राखणदार निघालाय. दोनअडीचशे वर्षं जमीन शेत राहिली म्हणूनच आज ती ओळखू येते. धोका नांगरापेक्षा काँक्रीटचा जास्त. म्हणून काही ठिकाणी जमीन विकत न घेता फक्त तिच्यावरचा बांधकामाचा हक्क विकत घेतात. मालकी शेतकऱ्याची, पीक शेतकऱ्याचं, पोराबाळांना वारसाने जाणार, फक्त तिथे कोणीही कधी इमारत उठवायची नाही आणि त्या बंधनाचा मोबदला एकरकमी किंवा करसवलतीतून मिळतो. अमेरिकन बॅटलफील्ड ट्रस्टने आजवर ५०,००० एकरांहून जास्त जमीन वाचवली त्यात हा मार्ग भरपूर वापरलाय. नुसतं "तू काही करू नको" म्हणणारी योजना कुठेच टिकली नाही आणि टिकू पण नये.

@रोखठोक, पाटी लावून विषय संपत नाही हो. बॉसवर्थचं ऐका. १४८५ ची लढाई, इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड जिथे पडला ती. १९७० च्या दशकात अँबियन टेकडीवर झकास माहितीकेंद्र बांधलं, पाट्या लावल्या, पायवाट आखली. नंतर ग्लेन फोर्ड यांच्या टीमने २००५ पासून पाचेक वर्षं आसपासची शेतं डिटेक्टरने पालथी घातली, आणि तोफेचे शिशाचे तीसहून जास्त गोळे, शिवाय चांदीचा सोनेरी मुलाम्याचा रानडुकराचा बिल्ला सापडला. रानडुक्कर हे रिचर्डचं चिन्ह. हे सगळं सापडलं माहितीकेंद्रापासून तीनेक किलोमीटरवर! म्हणजे तीस वर्षं लोक चुकीच्या टेकडीवर उभं राहून गहिवरत होते. तेव्हा क्यूआर कोड असता तर तो पण चुकीच्या जागी चिकटवला असता की.

आणि खरी जागा कळल्यावर काय झालं? २०१८ मध्ये त्या नोंदणीकृत रणांगणाच्या एका कोपऱ्यात बिनड्रायव्हरच्या गाड्यांच्या चाचणी ट्रॅकला परवानगी मिळाली. इंग्लंडमध्ये रणांगणांची अधिकृत यादी १९९५ पासून आहे, सुरुवातीला ४३ होती, पण यादीत नाव आलं म्हणून थेट कायद्याचं कवच मिळत नाही, बांधकामाला परवानगी देताना विचारात घ्या एवढंच. विचारात घेतलं, आणि परवानगी दिली.

उगीचच

चुकीच्या टेकडीवर गहिवरणे. हा वाक्प्रचार मी आजपासून वापरणार.

शिसंतांबं

इथे डिटेक्टरवाल्यांना चोर म्हणायची वेळ येणारच आहे म्हणून आधीच येतो. मी हौशी डिटेक्टरवाला (परवानगी काढून, बाहेरदेशी, जिथे चालतं तिथेच).

इसवी सन ९ मध्ये वारूस या रोमन सेनापतीच्या तीन लीजन (मोठ्या पलटणी) जर्मनीच्या जंगलात संपल्या. ती जागा कुठे यावर विद्वानांनी शेकडो तर्क लढवले. सापडली कोणाला? टोनी क्लन नावाच्या ब्रिटिश फौजी अधिकाऱ्याला, १९८७ मध्ये, कालक्रीजला, हातात डिटेक्टर घेऊन. आधी नाणी, मग शिशाच्या गोफणगोळ्या. तो गोफणगोळ्यांशी थांबला, सरळ पुरातत्त्ववाल्यांकडे गेला, आणि आज तिथे संग्रहालय आहे. ताईंनी सांगितलेल्या लिटल बिगहॉर्नच्या रांगेत पण हौशीच होते. तेव्हा सगळ्यांना एका माळेत ओवू नका.

खापरशोधक

@शिसंतांबं नाही ओवत. पण क्लनसारखा एक असेल तर रात्री टॉर्च लावून येणारे कितीतरी. इंग्लंडमध्ये टाउटनला (१४६१ ची लढाई) वर्षानुवर्षं चोरून खणून नेलंय. आणि चोरी दिसत पण नाही ना, मूर्ती चोरली की कोनाडा रिकामा दिसतो, शेतातून गोळी गेली तर शेत तसंच दिसतं.

शिवाय वेळ पण नाहीये. मस्केटच्या गोळ्या नांगराच्या थरात म्हणजे वरच्या फूटभर मातीतच असतात, तिथे रासायनिक खतं, ओल आणि अवजारं रोज त्यांना खातायत. शिसं पांढरट पडून पापुद्रे सुटतात. म्हणून काही जण म्हणतात नीट मोजून काढून घ्या, काही म्हणतात हात लावू नका, पुढच्या पिढीकडे जास्त चांगली यंत्रं असतील. मी अजून कुठल्या बाजूला आहे माझं मलाच कळत नाही.

मुलूखभटक्या

धागा मस्त चाललाय. ताई, एक विचारायचं होतं. विचारू का नको चाललंय सकाळपासून.

त्या दिवशी वॉटर्लूच्या रणांगणावरच्या उगूमोंच्या वाड्याकडून परत येताना शेताच्या कडेला, नुकतंच नांगरलेलं होतं, पायाखाली एक करडं काहीतरी लागलं. उचललं तर गोळी. शिशाची. एका बाजूने चपटी. पाऊस नुकताच पडून गेलेला म्हणून वर आली असणार. मी... खिशात टाकली. आत्ता टेबलावर आहे. डिटेक्टर नाही, खणलं नाही, नुसती वर पडलेली. हे चूक आहे का?

शिसंतांबं

अरे देवा.

रोखठोक

एक गोळी उचलली तर काय आभाळ कोसळलं? नाहीतरी ट्रॅक्टरखाली गेलीच असती.

खापरशोधक

ओरडत नाही, घाबरू नका. पण हो, चूक. बहुतेक देशांत असं सापडलेलं कळवायचं असतं, तिथेही.

वजन करा आधी. स्वयंपाकाचा डिजिटल काटा चालेल. फ्रेंच मस्केटची गोळी ब्रिटिशांच्यापेक्षा लहान आणि हलकी असायची, ब्रिटिश गोळी तीसेक ग्रॅमची, फ्रेंच पंचवीसच्या आतबाहेर. चपटी आहे म्हणजे कशाला तरी लागलीय, खिशातून पडलेली नाही. आता सांगा, नेमकी कुठे मिळाली?

मुलूखभटक्या

२४ ग्रॅम.

कुठे म्हणजे, वाड्याकडून येताना डाव्या हाताला. झाडं होती. एक तारेचं कुंपण होतं. बहुतेक.

खापरशोधक

डाव्या हाताला झाडं होती :(

जुनाट

सावकाश आठवू द्या त्यांना. तोवर मी रोखठोकांना रस्त्यांबद्दल उत्तर देतो, ते राहिलंय.

"विकास की वारसा" हे भांडण फार जुनं आहे. गेटिसबर्गला (अमेरिकेच्या यादवी युद्धातली १८६३ ची लढाई) १८९० च्या दशकात एका कंपनीने रणांगणातूनच ट्रामचे रूळ टाकले. सरकारने जमीन ताब्यात घ्यायचं ठरवलं, कंपनी कोर्टात गेली, आणि १८९६ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की रणांगण जपणं हे सार्वजनिक काम आहे, त्यासाठी मोबदला देऊन जमीन घेता येते. तिथेच १९७४ मध्ये एकाने खाजगी जागेत तीनशे फुटांहून उंच मनोरा उभा केला, पर्यटकांना वरून बघायला. तो कुठूनही डोळ्यांत खुपायचा. ३ जुलै २००० ला, म्हणजे लढाईच्या तिसऱ्या दिवसाच्या तारखेलाच, सुरुंगाने पाडला. मनासासला १९८८ मध्ये मॉल येणार होता, तिथल्या संसदेने कायदा करून ५०० हून जास्त एकर घेतले. त्याच भागात १९९३ मध्ये डिस्नेने इतिहासाचं थीम पार्क जाहीर केलं, वर्षभरात गुंडाळावं लागलं. फ्रँकलिनला तर रणांगणावर पिझ्झा हट होतं, ते २००५ मध्ये पाडून जमीन परत मोकळी केली.

पण हरलेल्या लढाया पण आहेत. इंग्लंडमधल्या नेझबीच्या १६४५ च्या मैदानाच्या उत्तर कडेवरून १९९० च्या दशकात ए-१४ महामार्ग गेला तो गेलाच. मॅराथॉनच्या मैदानाजवळ २००४ च्या ऑलिंपिकसाठी नौकानयनाचं केंद्र झालं, बोंबाबोंब होऊनही. सगळं जपा असं मी म्हणतच नाही. निवडा, पण निवडताना माहीत तरी असू द्या काय घालवताय. स्कॉटलंडमध्ये कलोडनला १७४६ च्या मैदानावर एकोणिसाव्या शतकात रस्ता काढला तो थेट क्लॅन (तिथली कुळं) लोकांच्या थडग्यांमधून, आणि वर जंगल लावलं. १९८० च्या दशकात रस्ता बाजूला नेला, झाडं तोडली. म्हणजे रस्ता हलतो हो, फक्त दीडशे वर्षं लागतात.

बांधावरचा

वाचवायला झाडं तोडली?

जुनाट

हो, आणि त्यावरून भांडणं पण होतात. गेटिसबर्गला १८६३ मध्ये जिथून मोकळं दिसत होतं तिथे नंतर वाढलेली झाडी उतरवली आणि ज्या फळबागा होत्या त्या परत लावल्या. निसर्गवाले चिडले. मला विचाराल तर मी पण थोडा चिडलो असतो.

वाचनमात्र

माणूस नाही तर निसर्ग पण खातोच की. प्लासीचं (१७५७) मैदान बरंचसं भागीरथीने पात्र बदलून गिळलं. थर्मोपिलेला उलटं, अरुंद खिंड होती ती नदीच्या गाळाने किनारा काही किलोमीटर पुढे सरकून आज रुंद मैदान झालीय. तीनशे जणांनी अडवून धरायला काय होतं असं बघणाऱ्याला वाटत असेल. मग तिथे काय जपायचं?

खापरशोधक

@वाचनमात्र थर्मोपिलेला कोलोनोस नावाची टेकडी शिल्लक आहे, १९३९ मध्ये तिथे बाणांची टोकं खूप सापडली, त्यावरून शेवटचा मुकाबला तिथला असं धरतात. बाकी किनारा कुठे होता ते जमिनीत ड्रिल मारून गाळाचे थर काढून कळतं. प्लासीला मात्र नदीने नेलं ते नेलं.

उगीचच

गंभीर प्रश्न, पहिल्यांदाच. हाडांचं काय? इतकी माणसं मेली तर ती गेली कुठे?

जुनाट

विचारलंत ते बरं केलंत. वॉटर्लूला हजारो मेले आणि सांगाडे सापडतात बोटांवर मोजण्याइतके. अलीकडच्या संशोधनात असं पुढे आलंय की १८३० च्या दशकापासून तिथली हाडं खणून विकली गेली, खतासाठी, आणि बीटाची साखर गाळायला हाडांचा कोळसा लागायचा त्यासाठी. धागाकर्त्यांच्या सिंहाखालची माती एकवेळ परवडली.

तुर्कस्तानात गॅलिपोलीला (पहिलं महायुद्ध) २००५ मध्ये ९० व्या स्मृतिदिनाला येणाऱ्या बसगाड्यांसाठी अँझॅक कोव्हचा रस्ता रुंद केला आणि त्या कामात हाडं वर आल्याच्या बातम्या आल्या. श्रद्धांजली वाहायला येणाऱ्यांच्या सोयीसाठी! उलट फ्रान्समध्ये फ्रोमेलला एका निवृत्त ऑस्ट्रेलियन शिक्षकाने चिकाटीने पाठपुरावा केला म्हणून १९१६ च्या सामूहिक खड्ड्यांचा पत्ता लागला, २००९ मध्ये २५० जण बाहेर काढले, डीएनए जुळवून अनेकांना नावं परत दिली आणि नव्या दफनभूमीत एकेकाला वेगळं ठेवलं.

त्याच महायुद्धात फ्रान्सच्या वर्दनजवळ ९ गावं पुसली गेली. फ्लरीमध्ये आज एकही घर नाही, लोकसंख्या शून्य, तरी गावाला अजून महापौर नेमतात. जमीन खड्ड्याखड्ड्यांची, वर जंगल. आजूबाजूच्या काही भागांत जायला बंदी कारण न फुटलेले गोळे अजून आहेत. फ्रान्समधल्याच विमीच्या रणांगणावर तर गवत कापायला माणूस पाठवत नाहीत, मेंढ्या सोडतात.

बांधावरचा

मेंढ्यांना विचारलं का कोणी?

रोखठोक

बरं, मी एक मान्य करतो, हक्क विकत घेण्याची कल्पना वाईट नाही. पण जपलेल्या जागेवर गोष्ट कोणाची सांगायची? जिंकलेल्याचीच ना.

खापरशोधक

लिटल बिगहॉर्नचं नाव १९९१ पर्यंत "कस्टर" वरून होतं, म्हणजे हरलेल्याच्या नावाने, आणि जिंकलेल्यांना तिथे जागाच नव्हती. मग नाव बदललं, २००३ मध्ये मूळ रहिवाशांचं स्मारक झालं, योद्धे पडले तिथे तांबड्या ग्रॅनाइटच्या शिळा बसवल्या, शेजारी सैनिकांच्या पांढऱ्या आहेतच. दोन्ही रंग एका उतारावर दिसतात.

वाचनमात्र

आपल्याकडे २०२१ मध्ये हळदीघाटीच्या लढाईवरून रक्त तलाईजवळच्या पाट्या काढाव्या लागल्याच की. कोण जिंकलं, कोण मागे हटलं यावरून. मुळात तिथे

संपादक

मंडळी, हळदीघाटी कोण जिंकलं यावर स्वतंत्र धागा आहे आणि तो बंद करावा लागलेला आहे. इथे फक्त जपणुकीबद्दल. काही प्रतिसाद उडवले आहेत.

जुनाट

संपादकांचं ऐका. दोन ओळी मुद्द्याच्या लिहितो. आपल्या १९५८ च्या कायद्यात संरक्षित वास्तू आणि पुरातत्त्वीय स्थळं आहेत, २०१० पासून भोवती १०० मीटर बांधकामबंदी आणि पुढे २०० मीटर नियंत्रण. हे मंदिराला, मशिदीला, बुरुजाला बरोबर बसतं. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे १२ किल्ले गेले, आनंदच आहे, पण तिथे मोजायला तट आहे. पानिपतला १७६१ ची लढाई मैलोन्‌मैल पसरलेली, आणि आज आपण जातो ते काला आंबच्या स्मारकाच्या कुंपणात. त्या कुंपणाबाहेरच्या शेतांना कोणी रणांगण म्हणत नाही. १०० मीटर कुठून मोजणार?

शिसंतांबं

कोहिमाला (१९४४) गेलोय मी. डेप्युटी कमिशनरच्या टेनिस कोर्टाच्या दोन बाजूंना ब्रिटिश-भारतीय आणि जपानी अशी दोन सैन्यं, मध्ये नेटची जागा. बंगला राहिला नाही. दफनभूमीत त्या कोर्टाच्या पांढऱ्या रेषा मात्र सिमेंटमध्ये आखून ठेवल्यात. बाकी काही लिहायची गरजच नाही, तुम्ही एका टोकाला उभे राहता, दुसरं टोक बघता आणि पोटात गोळा येतो. इतक्या जवळून!

मुलूखभटक्या

परत आलो. ताई, आठवत बसण्यापेक्षा फोन उघडला. गोळीचा फोटो हॉटेलवर काढलाय, तो बाद. पण चालताना सारखे फोटो काढत होतो. ४:१२ चा वाड्याच्या फाटकाचा, ४:३१ चा वाटेवरच्या एका क्रॉसचा, दोन्हींवर लोकेशन आहे. गोळी मधे सापडली. मधे तीनच शेतं आहेत, आणि नांगरलेलं एकच, बाकी दोन हिरवी दिसतायत फोटोत. कुंपणाच्या कडेकडेने चालत होतो. म्हणजे फार तर दोनशे मीटरची पट्टी.

खापरशोधक

अहो हे तर छानच! दोनशे मीटर चालेल. उद्याच तिथल्या पुरातत्त्व खात्याला मेल टाका. दोन्ही फोटो, वेळ, वजन, गोळीचे चारी बाजूंनी फोटो आणि शेजारी पट्टी ठेवून. परत पाठवायची कशी ते तेच सांगतील. फ्रेंच गोळी, वाड्याच्या बाजूला, चपटी, म्हणजे कुठेतरी आदळलीय. चपट्या भागावर कधीकधी कापडाच्या विणीचा ठसा पण असतो, भिंगातून बघा. तोच तर सगळ्यात

थांबा. तुम्ही ती धुतली नाही ना?

मुलूखभटक्या

धुतली. हॉटेलवरच. टूथब्रशने.

खापरशोधक

बरं.

ब्रश मऊ होता का?